ईमेलने बोलणारा कायम नवखाच?

प्रश्न : एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या 'डिस्कोर्स'वरच्या चर्चेत मी ईमेलनेच भाग घेतो. आलेली प्रत्येक मेल वाचतो, जमेल तिथे उत्तर देतो. तरी मी अजून 'नवीन सभासद'च आहे. तिसरा दुवा टाकला की मजकूर नाकारला जातो. मॉडरेटरांचा माझ्यावर राग आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : राग कुणाचाच नाही. तुम्ही वाचता, हे डिस्कोर्सला दिसत नाही, एवढंच.

जेफ अ‍ॅटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी 2013 मध्ये डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात सभासदांसाठी विश्वासाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत; 'नवीन सभासद' म्हणजे शून्य. मॉडरेटर मूठभर आणि येणारे हजारो, म्हणून खालच्या पायऱ्या चढवण्याचं काम यंत्राकडे दिलं. मूळ मांडणीत पहिल्या पायरीसाठी 5 विषय उघडायचे, 30 नोंदी वाचायच्या आणि वाचनात 10 मिनिटं घालवायची. स्वतः एक ओळही लिहिण्याची अट नाही! जाहिरातबाज लिहायला एका पायावर तयार असतो, दुसऱ्याचं वाचत बसायला मात्र त्याला सवड नसते. कसोटी मला चोख वाटते. (आपल्याकडच्या परिसंवादांतल्या काही वक्त्यांनाही ती लावायला हरकत नाही.)

गोची अशी, की ही मिनिटं ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावर मोजली जातात. इनबॉक्समध्ये तुम्ही तासभर वाचलंत तरी ते हिशेबात येत नाही.

तुमच्या ओळखीबद्दल मात्र शंका नसते. मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो, म्हणून डिस्कोर्स उत्तरासाठी दर वेळी वेगळा, सांकेतिक अक्षरांचा पत्ता देतं आणि त्यावरून उत्तर कुणाचं ते ताडून पाहतं. म्हणजे माणूस ओळखीचा, पण खात्यावर वाचन शून्य. अनोळखी खात्यासाठी वाचनाची ही कसोटी रास्त आहे. वर्षानुवर्षं ईमेलवर चर्चा केलेल्यांवर ती अन्यायच करते. पायथॉन या संगणकभाषेच्या विकासकांच्या चर्चाही ईमेलवरूनच डिस्कोर्सवर आल्या. अशा जाणत्यांना 10 मिनिटांच्या मापाने काय मोजायचं?

उपाय सोपा आहे. सभासदाची पायरी हाताने वाढवण्याची सोय व्यवस्थापकांकडे असते. तुमची जुनी उत्तरं दाखवून त्यांना तसं लिहा. तेवढं थांबायचं नसेल, तर एकदा ब्राउझरमधून लॉगिन करून जुने विषय सावकाश वाचा. त्या ठिकाणी आकडे बदललेले नसतील, तर पहिली पायरी त्याच बैठकीत मिळेल आणि दुव्यांची अट सुटेल.