मांजर दुखणं लपवतं

मांजर आजारी पडलं तरी कण्हत नाही, माळ्यावर किंवा खाटेखाली जाऊन बसतं. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला मांडीवर घेऊन तपासा, असं आम्ही वस्तीत सांगतो. ओठ वर करून हिरड्या बघा. पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसल्या तर जनावरांचा दवाखाना गाठा. बरगड्या बोटांना लागाव्यात, टोचू नयेत. झोपेतला श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या वर सतत भरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बोका सारखा लघवीला बसतोय, ओरडतोय, पण थेंब येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. लोक बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसतात. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. आपल्याला चालणारी ही गोळी मांजराला विष आहे.

तपासताना मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. हळद, चुना, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. मांजरालाही ही लस द्यावी लागते.