वकिलाच्या बिलाचा वाद: भाचीस पत्र

महाड

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या झेरॉक्स मिळाल्या. महामार्गाच्या चौपदरीकरणात पोलादपूरची जागा गेली, मोबदला कमी म्हणून तुम्ही सरकारने नेमलेल्या लवादाकडे गेलात आणि रक्कम वाढून मिळाली, हे उत्तम झाले. आता वकीलसाहेब ठरलेल्या फीवर वाढीव रकमेचे 15 टक्के मागतात आणि ते दिल्याशिवाय कागद परत करत नाहीत, म्हणून तू हबकली आहेस. त्यांच्याशी भांडायला जाऊ नकोस आणि घाबरून चेकही फाडू नकोस.

आधी टक्क्यांचे बघू. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा अशिलाला मिळालेल्या पैशात वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाला मनाई आहे. बी. सुनीता यांच्या प्रकरणात 2017 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. अपघाताच्या नुकसानभरपाईवर टक्केवारीने फी लावली, तिच्यापोटी चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून वकिलाने फौजदारी केली. न्यायालयाने ती फिर्यादच रद्द केली. तूही वकीलसाहेबांना सही केलेला कोरा चेक देऊन बसली आहेस; त्याचा नंबर लिहून ठेव आणि तो लेखी परत माग. निवाड्याचा तक्ताही नीट वाच. त्यात ‘दिलासा रक्कम’ असा रकाना असेल. ती मोबदल्याच्या 100 टक्के असते आणि 2013 च्या भूसंपादन कायद्यानेच मिळते. तिच्यावर कोणाचा टक्का कसला?

कागदांचेही तसेच. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे दप्तर अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात 2000 सालीच सांगितले आहे.

पण एक ध्यानात ठेव. ते तारखांना उभे राहिले, शेजारच्या जागांची खरेदीखते शोधून भाव सिद्ध केला. त्या कामाची वाजवी फी तू देणे लागतेस. वाद फक्त आकड्याचा आहे.

तो मिटवायचा कुठे? ग्राहक आयोगाचा विचार सोड. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. पण तिचे काम शिस्तीचे, म्हणजे ताकीद द्यायची, सनद निलंबित करायची किंवा रद्द करायची. फी किती वाजवी, हा तुझा प्रश्न तिथे बाजूलाच राहील. दिवाणी दावा लावलास तर वर्षे जातील. चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टात डिसेंबर 1927 मध्ये दाखल झाला आणि हायकोर्टाचा निकाल लागला मार्च 1937 मध्ये. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता, नऊ वर्षे झुंजण्याच्या तोलाचा. फीच्या हिशेबापायी कोणी एवढे आयुष्य घालवू नये.

म्हणून माझे मत लवादाचे. जमिनीचा लवाद कायद्याने तुमच्यापुढे आणून बसवला होता, हा मात्र दोघांच्या राजीखुशीने नेमावा लागेल. 1996 च्या कायद्याप्रमाणे करार लेखीच हवा. माणूस निवडताना तुझ्या भाऊबंदांतला नको आणि वकीलसाहेबांच्या बैठकीतलाही नको. एखादे निवृत्त दिवाणी न्यायाधीश बघा. त्यांचे मानधन आधीच ठरवा आणि निम्मे निम्मे भरा. प्रश्न एकच लिहा: ‘झालेल्या कामाची वाजवी फी किती आणि त्यातली किती पोचली?’ टक्केवारीचा शब्दही त्या करारात येऊ देऊ नकोस. निवाडा कारणांसह मागा.

मात्र एकदा निवाडा झाला की तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि आव्हानाला वाव फार थोडा असतो. विरुद्ध गेला तर कुरकुर न करता पैसे भरायचे, ही तयारी असेल तरच सही कर. ते लवादाला तयार नसतील, तर महाडच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. दावा लावण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे तुला कोणी सांगितले नसणार.

या आठवड्यात एवढे कर. वकीलपत्राची नक्कल, रोजनाम्यावरून तारखांची यादी, दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि फोनवरून पाठवलेल्या रकमांचे तपशील एका फाइलला लाव. मग सभ्य भाषेत पत्र लिहून हिशेब माग. खर्चासाठी घेतलेल्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यावर त्याची नक्कल देणे हे नियमांनी त्यांचे कर्तव्यच आहे. पत्र स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावती जपून ठेव. रोख एक पैसाही आता देऊ नकोस.

कामाची फी एका रुपयानेही बुडवू नकोस आणि टक्क्याचा एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा,
मामा