हिरवळीची बारमाही निगा



आपल्या शाळेच्या ध्वजस्तंभापुढे मोकळी जागा आहे. आम्ही ती टेपने मोजली. लांबी १० मीटर, रुंदी ८ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. पावसाळ्यात तिथे चिखल होतो आणि उन्हाळ्यात धूळ उडते. तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे की हिरवळ लावायची, हा विषय येत्या पालक सभेत निघणार आहे. हिरवळीला वर्षभर काय काय करावे लागते ते आधी कळले, तर सभेत नीट बोलता येईल. म्हणून आमच्या आळीतले माळीकाका, जे सोसायट्यांच्या बागांचे काम कंत्राटाने करतात, त्यांना विचारून आणि पुस्तके वाचून मी हा पाठ लिहिला आहे.

गवत कापले तरी का वाढते?

झाडाचा शेंडा खुडला की ती फांदी तिथेच थांबते. गवताचे तसे नाही. गवताचे पाते टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढते. वाढणारा भाग जमिनीलगत असतो. म्हणून गुरांनी चरले किंवा यंत्राने कापले तरी पाते पुन्हा वर येते.

हे करून पाहा : गवताच्या एका पात्यावर बुडाशी एक आणि टोकाशी दोन असे शाईचे ठिपके द्या. पाते कोवळे, वाढते निवडा. चार दिवसांनी पट्टीने मोजा. टोकाकडच्या दोन ठिपक्यांमधले अंतर तेवढेच राहील, पण बुडाजवळचा ठिपका वर सरकलेला दिसेल.

आपल्याकडच्या हिरवळीला सर्वांत सोयीचे गवत म्हणजे हरळी. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो तीच ही. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हिचे धावते खोड जमिनीवर पसरते, जमिनीखालीही पसरते आणि प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात. भरपूर ऊन हिला मानवते. थोडे मचूळ पाणीही ती सोसते, म्हणून किनाऱ्याकडच्या गावांना ती बरी. मात्र दाट सावलीत ती टिकत नाही, विरळ होत जाते. नर्सरीत मेक्सिकन नावाचे गवतही मिळते. ते बुटके आणि दाट असते, कापायला कमी लागते, पण महाग पडते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मैदानात जी हरळी मित्र, तीच केळीच्या नाहीतर मोगऱ्याच्या वाडीत शत्रू! एक पेर राहिले तरी पुन्हा फुटते. म्हणून हिरवळीच्या कडेने विटांची रांग पुरावी आणि कडा वरचेवर छाटाव्यात, म्हणजे शेजारच्या वाडीवाल्यांची तक्रार येणार नाही.

पावसाळा : लावणी आणि कापणी

हरळी लावायला जून-जुलै उत्तम. आपली शाळाही तेव्हाच उघडते. जमीन वीतभर खणावी, दगड वेचावेत, कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी वाहून जाईल इतका हलका उतार ठेवावा. मग दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर खोचावेत व पायाने दाबावेत. दुसरी रीत अशी की हरळीचे बारीक तुकडे माती-शेणात कालवून ओल्या जमिनीवर पसरायचे, अंगण सारवतात तसेच.

हिरवळ धरली की कापणी सुरू. इथे तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळायचा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. गवत ४ सेंटिमीटर ठेवायचे असेल तर ते ६ सेंटिमीटर झाल्यावर २ सेंटिमीटर कापावे. एकदम बुडापर्यंत भादरले तर पाने उरत नाहीत, अन्न तयार होत नाही आणि मुळे कमजोर होतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापावे लागते. पण चिखलात यंत्र फिरवू नये, उघडीप मिळाली की फिरवावे.

पावसाळ्यातल्या गवताची गंमत मुंबईच्या क्रिकेटपटूंना चांगली ठाऊक आहे. डॉ. कांगा यांच्या नावाची क्रिकेट लीग १९४८ साली सुरू झाली आणि तिचे सामने भर पावसाळ्यात खेळण्याची रीत पडली. वाढलेल्या ओल्या गवतात चेंडू सीमेपर्यंत घरंगळत नसे. मग फलंदाज उचलूनच फटके मारत!

उंच गवताचा आपल्याला मात्र धोका आहे. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे विषारी साप कोकणपट्टीत आहेत. गवत आखूड असले तर साप दिसतो, वाढलेले असले तर पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून लावायचे तर कापायचेच, नाहीतर लावूच नये.

याच दिवसांत तण माजते. टाकळा आणि केना फुलावर येण्याआधी उपटावा, कोवळा असेल तर भाजीला न्यावा. लाजाळू मुळासकट काढावी, तिचे काटे अनवाणी पायाला टोचतात. सर्वांत चिवट तो लव्हाळा. त्याची काडी बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील. नुसता ओढला तर वरचेवर तुटतो आणि खालच्या गाठीपासून पुन्हा उगवतो. खुरप्याने गाठीसकट खणावा.

हिवाळा : थोडे काम, पण नेमाने

नोव्हेंबरपासून वाढ मंदावते. तीन आठवड्यांनी कापले तरी चालते. चार-पाच दिवसांनी सकाळी पाणी द्यावे. संध्याकाळी दिले तर पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशी येते. ज्या जागी आपण रोज धावतो तिथली माती दबून घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. तिथे सळईने भोके पाडावीत आणि वर माती, रेती व चाळलेले शेणखत यांचा पातळ थर द्यावा. खेळण्यासाठी एक महिना डावी बाजू, एक महिना उजवी बाजू अशी पाळी लावली तर टक्कल पडत नाही.

उन्हाळा : पाण्याचा हिशेब

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कडक उन्हात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते. आपल्या जागेला ८० × ५ = ४०० लिटर. १५ लिटरच्या बादलीने सत्तावीस बादल्या, त्याही रोज! वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हार धरणांचे पाणी येते, तरीही उन्हाळ्यात पुष्कळ घरी टँकरची वाट पाहावी लागते. आई हंडा घेऊन रांगेत आणि शाळेत गवताला पाणी, हे बरे नव्हे.

पण हरळीला रोज पाणी द्यावेच लागत नाही. पाणी तुटले की ती पिवळी पडते, वाळल्यासारखी दिसते. ती मेलेली नसते, खोडे आणि मुळे झोपी गेलेली असतात. पहिला पाऊस पडला की पुन्हा फुटते. म्हणून उन्हाळ्यात तिला झोपू द्यावे, कापू नये, वर खेळणे कमी करावे. पोषण आहारानंतर आपण हात धुतो ते बिनसाबणाचे पाणी दिले तरी पुष्कळ झाले. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत कोणी नसते, तेव्हाही ती तग धरते.

पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे २००० मिलिमीटर आणि पुष्कळदा त्याहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे आपल्या ८० चौरस मीटरवर १,६०,००० लिटर पाणी! सिमेंटावर पडले की ते धावत गटारात जाते. गवतावर पडले की त्यातले काही मुरते आणि माती जागच्या जागी राहते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, ते मोठ्या माणसांना आठवत असेल. आपल्या एवढ्याशा हिरवळीने पूर थांबणार नाही हे खरे. पण सगळ्यांनीच अंगणे सिमेंटाची केली, तर पाण्याने मुरायचे कुठे?

माळ्याला काम देताना

पूर्वी इंग्लंडात हिरवळी विळ्याने कापत, नाहीतर मेंढ्या चारत. १८३० साली एडविन बडिंग याने कापण्याचे यंत्र काढले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. आता मोटारीची यंत्रे आली आहेत आणि त्यांच्यासह काम करणारे माळीही मिळतात. काम ठरवण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात, असे माळीकाकांनी सांगितले :

१. पावसाळ्यात किती फेऱ्या, हिवाळ्यात किती? उन्हाळ्यात फेऱ्या कमी, तर पैसेही कमी का?
२. यंत्र आणि इंधन कोणाचे?
३. तण हाताने काढणार की औषध मारणार? मुलांच्या जागेत हातानेच काढावे.
४. कापलेले गवत कुठे टाकणार? औषध मारलेले नसेल तर गुरांना चालते, नाहीतर खड्ड्यात खत होते.
५. कापण्याआधी दगड वेचणार का? पात्याने उडालेला खडा डोळ्याला लागू शकतो. यंत्र चालू असताना मुलांनी वर्गातच बसावे.

माझे मत

पेव्हर ब्लॉकला रोजची निगा लागत नाही आणि आजी-आजोबांना त्यावरून चालायला सोपे जाते, हे कबूल करायला हवे. म्हणून फाटकापासून व्हरांड्यापर्यंत एक मीटर रुंदीची ब्लॉकची वाट करावी. वाट लांबीच्या बाजूने धरली तर तिला १० चौरस मीटर लागतील आणि उरलेल्या ७० चौरस मीटरवर हरळी लावता येईल. यंत्राचे काम माळ्याकडे, तेही फक्त जून ते फेब्रुवारी. तण काढणे, कडा छाटणे आणि पाणी घालणे पाचवी ते सातवीच्या मुलांनी पाळीपाळीने करावे.

सांगा पाहू :
१. गवत ९ सेंटिमीटर वाढले आहे. एका वेळी जास्तीत जास्त किती कापाल?
२. ७० चौरस मीटरला रोज ५ मिलिमीटर पाणी दिले तर आठवड्याला किती लिटर होईल?
३. तुमच्या अंगणात लव्हाळा आहे का? कसे ओळखले?

उत्तरे वहीत लिहून वर्गात दाखवा. पालकांनी सभेला जरूर यावे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आणावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी