घटक ४ : छळछावणीतील जगणे आणि नैतिक निवड

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• छळछावणीच्या व्यवस्थेने कैद्यांच्या निवडीवर घातलेल्या मर्यादा स्पष्ट करता येतील.
• प्रीमो लेवी यांची ‘करडा प्रदेश’ ही संकल्पना सोदाहरण सांगता येईल.
• साक्षीपर लेखन वाचताना घाईने निवाडा का करू नये, याची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या कैद्यांचे आत्मपर लेखन हा विसाव्या शतकातील साहित्याचा एक महत्त्वाचा प्रवाह आहे. इटलीतील तुरीन येथील रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी (१९१९–१९८७) हे त्यातील प्रमुख लेखक. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्झला नेण्यात आले. तेथील मोनोवित्झ या श्रमछावणीत ते जानेवारी १९४५ पर्यंत होते. या अनुभवावरील त्यांचे पहिले पुस्तक १९४७ मध्ये, तर अखेरचे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. या दीर्घ काळात एक प्रश्न त्यांनी सोडला नाही : जिथे जगणे हीच लढाई असते, तिथे चांगले-वाईट या शब्दांना अर्थ उरतो का?

४.३ विषय-विवेचन

४.३.१ करडा प्रदेश

छावणीचा दैनंदिन कारभार बऱ्याच अंशी कैद्यांकडूनच करवून घेतला जाई. ‘कापो’ म्हणजे कैद्यांमधूनच नेमलेला मुकादम. त्याला थोडे अधिक अन्न मिळे. त्या मोबदल्यात तो इतरांवर सत्ता गाजवी. सूप वाढणाऱ्याने पळी तळापर्यंत नेली की वरच्यावर फिरवली, यावरही एखाद्याचे जगणे अवलंबून असे. पीडित आणि पीडक यांच्यामधील या अस्पष्ट पट्ट्याला लेवी ‘करडा प्रदेश’ म्हणतात.

या प्रदेशाच्या टोकाला ‘झोंडरकोमांडो’ होते. वायुकक्षांतील प्रेते बाहेर काढून जाळण्याचे काम त्यांच्यावर लादलेले होते आणि नकाराची शिक्षा मृत्यू हीच होती. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी याच पथकाने उठाव करून एका दाहगृहाला आग लावली. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या स्त्री-कैद्यांनी त्यासाठी स्फोटक दारू चोरून पुरवली होती. या प्रकरणी चार स्त्री-कैद्यांना जानेवारी १९४५ मध्ये फाशी देण्यात आली. म्हणून या पथकाला केवळ ‘सहकारी’ ठरवता येत नाही. मुख्य अपराध ही व्यवस्था उभारणाऱ्यांचा आहे, हे लेवी ठामपणे सांगतात. मात्र कापोंच्या क्रौर्याला ते सरसकट माफीही देत नाहीत.

४.३.२ पाण्याचा नळ

लेवी स्वतःलाही या चौकशीतून वगळत नाहीत. १९४४ च्या ऑगस्टमधील असह्य तहानेच्या दिवसांत त्यांना एका तळघरातील नळात थोडे पाणी सापडले. ते त्यांनी जिवलग मित्र आल्बेर्तो याच्यासह गुपचूप प्यायले. दुसऱ्या एका सोबत्याने हे ओळखले. मुक्ततेनंतर काही महिन्यांनी त्याने विचारले, की तुम्ही दोघेच का, मी का नाही? कोणत्याही कायद्याने हा गुन्हा ठरणार नाही. तरीही त्या न वाटलेल्या पाण्याची लाज आयुष्यभर टिकली. वाचलेले ते श्रेष्ठ, हा समज लेवी नाकारतात. उत्तम माणसे परतली नाहीत, असे व्हिक्टर फ्रँकल यांच्याप्रमाणेच तेही नोंदवतात.

४.३.३ पावाचा तुकडा

जानेवारी १९४५ मध्ये जर्मनांनी छावणी रिकामी केली आणि आजारी कैद्यांना मागे सोडले. लेवी त्यांच्यात होते. त्यांनी व दोन फ्रेंच सोबत्यांनी भर थंडीत शेगडी शोधून आणली. तेव्हा खोलीतील रुग्णांनी या तिघांना आपल्या वाट्यातील पावाचा एकेक तुकडा देऊ केला. आदल्या दिवसापर्यंत छावणीचा नियम होता, स्वतःचा पाव खा आणि जमल्यास शेजाऱ्याचाही. तो नियम त्या क्षणी मोडला. व्यवस्थेची पकड सैल होताच माणूसपण पुन्हा प्रकट झाले.

४.४ सारांश

छावणीने निवडीचा अवकाश अत्यंत संकुचित केला. तो पूर्णपणे नष्ट झाला नाही. त्या अवकाशाची रुंदी ध्यानात न घेता केलेला निवाडा अन्यायकारक ठरतो.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘करडा प्रदेश’ ही संकल्पना थोडक्यात स्पष्ट करा.
२. पाण्याचा नळ आणि पावाचा तुकडा या प्रसंगांची तुलना करा.
३. ‘अपराध नाही, तरीही लाज आहे’ या विधानाची चर्चा करा.