अंगातली चरबी आणि सांध्यांची सूज



गळीत चालू असले की गोदामात साखरेची किती पोती आली, किती उचलली, याचा आकडा रोज कार्यालयात जातो. त्या आकड्यावर पुढचे निर्णय ठरतात. आपल्या शरीरातही असाच साठा आहे, चरबीचा. त्याचा आकडा मेंदूला कळविणारी चिठ्ठीही आहे. तिचे नाव लेप्टिन.

हे हॉर्मोन चरबीच्या पेशीच तयार करतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याचा छडा लावला. चरबी वाढली की लेप्टिन वाढते आणि 'साठा पुरे' असा निरोप जाऊन भूक आवरते. साठा उतरला की भूक खवळते. लठ्ठ माणसाच्या बाबतीत मात्र चिठ्ठ्यांचा ढीग पडतो आणि वाचायला कोणी नाही, अशी गत होते. म्हणून लेप्टिन टोचून सगळे लठ्ठ बारीक होतील ही आशा फोल ठरली.

इथवर झाली भुकेची गोष्ट. पण ही चिठ्ठी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही पोचते, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी उंदीर उपाशी ठेवले, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती ढासळली; लेप्टिन देताच ती सावरली. कणगीच रिकामी असेल तर फौज कोण पोसणार? आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर वीटभट्टीचे काम संपवून आलेल्या कातकरी कुटुंबाला पावसाळा ओढगस्तीचा जातो. त्या दिवसांत सुकलेल्या पोराला साधा खोकलाही सोडत नाही, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

आता उलट बाजू. चिठ्ठ्या फार झाल्या तर फौज चेकाळते. लेप्टिन हे दाह पेटता ठेवणाऱ्या पेशींना जोर देते आणि त्यांना आवरणाऱ्या पेशींचा हात धरते. ही फौज आपल्याच घरावर उलटली की त्याला स्वप्रतिकार रोग म्हणतात. इटलीत नेपल्सच्या ज्यूसेप्पे मातारेसे यांनी २००१ च्या सुमारास दाखवले, की जन्मतः लेप्टिन नसलेल्या उंदरांत मज्जातंतूंचा असा रोग मुद्दाम घडवू गेले तरी होत नाही. लेप्टिन टोचले की होतो.

आपल्याकडे यातला ओळखीचा रोग म्हणजे आमवात. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी सुरू केली. तिथे हजारी सुमारे पाच जणांना आमवात निघाला. हा रोग बायकांत जास्त. बायकांच्या रक्तात लेप्टिनही पुरुषांहून जास्त असते. पण म्हणून तेच कारण, असे कोणी सिद्ध केलेले नाही. तेव्हा लेप्टिनची रक्ततपासणी करून घ्या असे कोणी सांगितले, तर पैसे घालवू नका. आमवाताच्या निदानाला ती लागत नाही. वजन फार असेल तर औषधाचा गुण कमी येतो, एवढे मात्र दिसून आले आहे.

"आम्ही तर काटक, आम्हाला कुठली चरबी?" असे कोणी म्हणेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००२ साली पुण्याची आणि लंडनची नवजात बाळे ताडून पाहिली. आपली सरासरी २.८ किलोची, तिकडची ३.५ किलोची. तरी नाळेच्या रक्तातले लेप्टिन जवळजवळ सारखेच! आपले बाळ हडकुळे दिसते, पण चरबी राखून जन्मते. हातपाय काड्या आणि पोट पुढे, हा मोठेपणीचा नमुना तिथूनच सुरू होतो.

घरात कुणाची बोटे, मनगटे दोन्ही हातांना सारखीच सुजत असतील आणि सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर त्याला वय किंवा लावणीचा शीण म्हणू नका. सहा आठवड्यांच्या आत डॉक्टर गाठा, कारण एकदा झिजलेला सांधा परत भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली, तर ती या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावा.