दाण्यांतील पिठाचा खरा धनी

ज्वारीचा हुरडा खातांना दाणा दांताखालीं फुटून जें दूध निघतें, तें वस्तुतः कोणासाठीं असतें, याचा विचार आपण शेतकरी बंधु क्वचितच करितों. दाण्याच्या टोंकाशीं जो इवलासा अंकुर असतो त्यास भ्रूण म्हणतात, व हें दूध ही त्याची शिदोरी होय. शास्त्रांत हिला भ्रूणपोष असें नांव आहे. दाणा पिकला म्हणजे दूध घट्ट होऊन त्याचेंच पीठ बनतें.

ही शिदोरी कशी होते तें नवलाचें आहे. परागकणांतून दोन नरपेशी बीजांडांत उतरतात. एकीचा अंडपेशीशीं संयोग होऊन भ्रूण होतो. दुसरी मधल्या दोन केंद्रकांशीं मिळते व तीपासून भ्रूणपोष होतो. कीव्ह येथील वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नावाशिन यांनीं हें १८९८ सालीं प्रथम दाखविलें. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचे पराग पडले तर त्याच हंगामांत कणसांत पिवळे दाणे दिसतात, तें यामुळेंच.

हरभरा, तूर यांचा भ्रूण ही शिदोरी दाणा पिकण्यापूर्वींच खाऊन आपल्या दोन दलांत सांठवितो. त्यांचीच आपण डाळ करितों. नारळाचें पाणी व खोबरें हीं दोन्ही भ्रूणपोषच.

ज्वारीचा दाणा रुजूं लागला कीं मुख्यतः भ्रूणच पिठांत पाचक रस सोडतो, पिठाची साखर होते, व पान उजेडांत येईपर्यंत कोंब तिजवर जगतो. मोड आणलेल्या नाचणीची गोडी ती हीच.

महसूल खात्यांत कारकून असतांना आणेवारीच्या वेळीं मीं पुष्कळदां पाहिलें, कीं कणसें मोठीं पण दाणे चिमट. दूध भरण्याच्या वेळींच ओल सरलेली. इतकें पाहूनही सेवानिवृत्तीनंतर मीं टपोरी ज्वारी बाजारांत विकली व चिमट दाणे पेरणीस ठेविले! रब्बीला ओल खालीं गेली होती, पाभर खोल धरावी लागली. कोंबांची शिदोरी वाटेंतच सरली व तासेंच्या तासें रिकामीं राहिलीं. शेजारचें शेत त्याच पाभरीनें पेरलेलें, तें मात्र हिरवेंगार. दुबार पेरणीस ओल उरली नव्हती.

तरी ज्वारीचें बियाणें पाखडून हलकें दाणे काढावे. भातासाठीं १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें. तरंगेल तें काढावें. बुडेल तें दोनदां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत सुकवावें व मग पेरावें.