साका का निसटला?

बेरियम क्लोराइडच्या द्रावणात मी एकदा गंधकाम्ल भसकन ओतले. बेरियम सल्फेटचा पांढरा साका क्षणात पडला खरा, पण कण इतके बारीक की गाळण कागदातून निसटले! द्रावण अतिसंपृक्त झाले की स्फटिकबीजे जन्मतात. बीजेच असंख्य झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वाढायला द्रव्य ते किती येणार? म्हणून गरम, विरल द्रावणात आम्ल थेंबथेंब घालीत ढवळावे.

कारखान्याच्या मोठ्या टाकीत मात्र ढवळणेही अंगाशी येते. पाती जोरात फिरली की मोठे स्फटिक पात्यांवर, एकमेकांवर आपटतात. त्यांचे कोपरे झडतात आणि तो चुराही बीज होऊन वाढू लागतो. बरे, हळू फिरवावे, तर स्फटिक तळाशी बसतात आणि धार पडते तिथे पुन्हा तोच बारीक साका!